खाटा रिकाम्या कशा होत्या

मी मसुऱ्याची. मुंबईत नर्सिंग शिकले आणि मुद्दाम गावाजवळची, मालवणकडची जागा मागून घेतली. तेव्हा मुंबई राज्य होतं. बंदराजवळचा आमचा सरकारी दवाखाना म्हणजे पूर्वीचं मिठाचं कोठार. चिऱ्यांत मुरलेलं मीठ पावसाळ्यात ओल ओढी आणि गिलाव्याचे पोपडे बाळंतिणींच्या अंथरुणावर पडत. डॉक्टर नव्या इमारतीसाठी वर लिहीत, आणि वरून येई तो चुना.

अशात कळलं, विधानसभेची समिती येणार आहे. सरकारी इमारती कुठे कशा आहेत, कुठे नव्या हव्यात, हे पाहून सभागृहाला सांगणारी आमदारांची समिती. मला खरंच बरं वाटलं. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघू दे त्यांना.

ते येणार त्या सकाळी मामलेदार स्वतः हजर झाले. वॉर्ड माणसांनी भरलेला, ओल्या लुगड्यांच्या दोऱ्या बांधलेल्या. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"आजच्या दिवस सगळ्यांना घरी पाठवा. वॉर्ड कसा नीटनेटका दिसला पाहिजे."

"कालच बाळंत झालेली आहे एक," मी म्हटलं.

"तिलाही. संध्याकाळी आणा परत."

डॉक्टर म्हणाले, हे बरोबर नाही. मामलेदारांनी त्यांना बाजूला नेलं. परत आले तेव्हा डॉक्टरांची मान खाली होती. दर्यावर जाणाऱ्या घरातली ती पोरसवदा बाळंतीण. तिला बैलगाडीत गवतावर निजवलं. तिची सासू माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय गो, बाळंतिणीक हलवूचा नसता. ह्या त्यांका कोणी सांगूक नाय?"

सांगितलं होतं. ऐकलं नव्हतं.

समिती आली ती जेवणं आटोपून, सरंग्याच्या कालवणाची तारीफ करत. ताज्या चुन्याच्या भिंती, ओळीने रिकाम्या खाटा. अध्यक्षांनी दारातूनच नजर फिरवली आणि सोबतच्यांना म्हणाले, "इथे तर रुग्णच नाहीत. नव्या इमारतीची गरज दिसत नाही."

मी पुढे झाले. "रुग्ण आहेत, साहेब. सकाळी घरी पाठवलेत. तुम्ही येणार म्हणून."

मामलेदार हसले. "बाई नव्या आहेत," ते म्हणाले. त्यावर अध्यक्षही हसले आणि मंडळी मोटारीकडे वळली. एकालाही पुढचा प्रश्न विचारावासा वाटला नाही. हे आठवलं की आजही माझे कान तापतात.

ती मुलगी संध्याकाळी परत आली ती रक्तस्रावाने पांढरीफटक पडलेली. वाचली, पण अंगातला ताप किती तरी दिवस हटला नाही. आणि मला मात्र वरिष्ठांसमोर मध्ये बोलल्याबद्दल समज मिळाली.

पुढे निवडणुका झाल्या, समिती बदलली. मग राज्यच बदललं, महाराष्ट्र झाला. दर वेळी डॉक्टरांनी विचारावं आणि उत्तर यावं, की नवी समिती स्वतः पाहणी करील, तोवर जुन्या समितीचा अभिप्राय कायम. तो अभिप्राय कुठला, तर गरज नाही! माणसं गेली, सभागृह गेलं, राज्य गेलं. ते एक वाक्य तेवढं शाबूत.

नवी समिती आली तेव्हा मामलेदार दुसरे होते, पण हुकूम तोच. यावेळी मी वॉर्डात जाऊन बायकांनाच विचारलं, "घरी जाता काय आजच्या दिवस?"

दाराजवळच्या खाटेवर बंदरावरच्या एका मुसलमान व्यापाऱ्याची म्हातारी आई होती, दम्याने बेजार. तीच आधी बोलली. "माका चलूक येणा नाय. मी खंय जावचंय नाय. त्यांका बघूचा आसा तर माका बघूंदेत."

कोणीच हललं नाही. डॉक्टर दारात खुर्ची टाकून बसले. मामलेदारांना म्हणाले, "माझी बदली करा हवी तर."

हे अध्यक्ष आत आले, खाटांमधून कसेबसे वाट काढत शेवटपर्यंत गेले. भिंतीला हात लावला, तो ओला झाला. "मग मागच्या वेळी गरज नाही असं का लिहिलंय?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, गाडीतल्या मुलीसकट. यावेळी कोणी हसलं नाही.

इमारत मंजूर झाली. पण बांधली कुठे? गावाबाहेरच्या माळावर, रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींना दिसेल अशी. दिवस भरलेल्या बायकांनी तिथवरची घाटी, ती उभी चढण, चढायची. आणि पाणी? विहीर नकाशात होती, माळावर नव्हती. उद्घाटनाला हारतुरे झाले, दर्शनी भिंतीत समितीच्या सगळ्या सभासदांच्या नावांची शिला बसली. पाण्याचं मी एका सभासदाला विचारलं, तर म्हणे ते दुसऱ्या खात्याकडे.

मी आणि डॉक्टरांनी ठरवलं, पाणी येईपर्यंत बाळंतपणं खालीच करायची, त्याच कोठारात. अखेर बंदराकडच्या वाडीतल्या माणसांनीच श्रमदानाने माळावर विहीर खणायला घेतली. कातळ फोडताना दोन उन्हाळे गेले. पाणी लागलं त्या दिवशी म्हाताऱ्या बाया घागरी घेऊन वर आल्या आणि नव्या वॉर्डाची फरशी त्यांनी धुऊन काढली. दुसऱ्या दिवशी आम्ही खाटा वर नेल्या.