घड्याळजींचं वजन

माझ्या मावशीला सगळे काटाबाई म्हणत. स्वभावामुळे नव्हे, कामामुळे. आता स्वभावही काही फार मऊ नव्हता, ते सोडा. एका लहानशा चार्टर कंपनीच्या विमानतळावर ती प्रवाशांची वजनं करायची. विमानतळ म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली, भिंतीलगत बाकडी, कोपऱ्यात मोठा काटा आणि काचेपलीकडे बेटावर जाणारं इवलंसं विमान.

मोठ्या विमानांची सवय असलेला माणूस आला की खिडकीची जागा मागायचा. मावशी म्हणायची, "जागा मी देणार. वजन बघून. बॅग मऊ हवी, ते चाकांचं खोकं आत मावणार नाही. आणि धुकं आलं तर विमान उडणार नाही. माझ्यावर ओरडलात म्हणून धुकं हटत नाही." मग कोट, पिशवी, सगळ्यासकट त्याला काट्यावर उभं करायची. आकडा मात्र ती कधी मोठ्यानं वाचत नसे.

एक घड्याळजी आणि त्यांची बायको नेहमी बेटावर जात. तिथं बाईंचं माहेर होतं. बाई वजनाला इतक्या लाजायच्या की नवऱ्याच्या पाठीआड लपून त्याच्याबरोबरच काट्यावर चढायच्या. मावशी हसून दोघांचं मिळून एकच वजन घ्यायची.

मग बरेच महिने ते आले नाहीत. थंडीतल्या एका दुपारी घड्याळजी एकटेच आले. दाढी वाढलेली, कोट अंगावर लोंबत होता.

"काकू नाही आल्या?" मावशीनं विचारलं.

"ती गेली," घड्याळजी म्हणाले आणि काट्यावर चढले.

मावशीनं आकडा पाहिला. तो दोघांचा आकडा होता.

"काका, जरा उतरता का?"

ते उतरले. काटा शून्यावर आला. मावशी स्वतः चढून पाहते तर तिचं वजन बरोबर. पायलटला बोलावलं, त्याचंही बरोबर. घड्याळजी पुन्हा चढले आणि काटा पुन्हा तिथंच जाऊन थांबला. मावशीनं त्यांच्या पाठीमागं पाहिलं. कोणी नव्हतं. दार उघडं राहिल्यासारखा गारठा तेवढा तिथं होता, आणि दार तर बंद होतं.

"मोठ्यानं वाचू नका हं," घड्याळजी हळूच म्हणाले. "तिला आवडत नाही."

बाकड्यावर बसलेला एक औषधविक्रेता वैतागला. "अहो, काडीसारखा माणूस! काटा बिघडलाय तुमचा. चला, सोडा विमान."

मावशी म्हणाली, "काटा जे दाखवतोय ते धरायचं. या वजनात एक माणूस मागे राहील."

पायलटनं क्षणभर घड्याळजींकडे पाहिलं आणि मान डोलावली. सगळ्यांत शेवटी आलेला विक्रेताच होता. तो चरफडत घरी गेला. त्याची जागा घड्याळजींच्या शेजारी होती, ती रिकामी राहिली.

दुसऱ्या दिवशी पायलट मावशीपाशी येऊन उभा राहिला.

"विमान जड होतं," तो म्हणाला. "पुरतं भरल्यासारखं. आणि ताई, उतरल्यावर बघतो तर त्या रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला. मी नव्हता लावला. काकांना विचारलं, तर म्हणाले, तिला समुद्रावरून जाताना भीती वाटते."

कंपनीनं माणूस पाठवून काटा तपासून घेतला. त्यात काही दोष निघाला नाही.

आठवडाभरानं घड्याळजी परत आले. उतरणाऱ्यांचं वजन करायची गरज नसते, पण ते आपणहून काट्यावर चढले.

"बघा बरं."

काट्यावर एका म्हाताऱ्या माणसाचं वजन होतं, तेवढंच.

"पुन्हा बघा."

मावशीनं पुन्हा पाहिलं. "एकटेच आहात, काका."

त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. तो दुःखाचा होता की सुटकेचा, हे मावशीला कळलं नाही. "म्हणजे राहिली ती आईकडे," ते म्हणाले. मावशीनं त्यांना बाकड्यावर बसवून आपल्या थर्मासमधला चहा दिला. त्यांनी तो अगदी निवांत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

त्यानंतर ते बेटावर कधी गेले नाहीत. एकदा बाजारात भेटले तेव्हा मावशी म्हणाली, "काका, सासरवाडीला जाऊन या की एकदा. काकूंच्या माणसांना बरं वाटेल."

घड्याळजींनी आजूबाजूला पाहिलं, तिच्या जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आणि ती परत यायला निघाली म्हणजे?"