एकट्याला गोळी न देणारे औषधवाले

गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येऊ नये म्हणून झटणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगखालच्या गाळ्यात त्यांचं औषधांचं दुकान होतं. नळाला पाणी आलं की ती बातमी व्हायची, असे ते दिवस. सर्दी-तापाचं औषध ते इतरांसारखंच द्यायचे; पण जंतांचं नाव काढलं की दुकान थांबायचं. बायका कुजबुजत विचारायच्या, कारण जंत होणं हा घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होता. हे मात्र रिक्षास्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात चौकशी आरंभायचे. पाणी उकळता का? टाकीचं झाकण नीट बसतं का? पोरं अनवाणी हिंडतात का? मागे उभा असलेला माणूस डोकेदुखी विसरून घरी जायचा. काउंटरला सुतळीने नेलकटर बांधलेलं होतं, बँकेत पेन बांधतात तसं. एकदा औषधकंपनीचा टायवाला प्रतिनिधी नव्या टॉनिकची महती इंग्रजीत गात होता. यांनी शांतपणे त्याचा हात धरला. "साहेब, टॉनिक राहू द्या. आधी ही नखं काढा." तो बिचारा बॅग काखेत धरून नखं कापत उभा राहिला.

त्यांचा सगळ्यात विचित्र नियम म्हणजे जंतांचं औषध एकट्याला मिळत नसे. "डॉक्टरांकडून अख्ख्या घराची चिठ्ठी आणा," ते म्हणायचे. "एकाने पोट साफ करायचं आणि बाकीच्यांनी पुन्हा भरून द्यायचं? दिवाळीच्या फराळाची ताटं आहेत का ही?" समोरचे डॉक्टर वाद नको म्हणून सगळ्या घराला तपासून चिठ्ठी द्यायचे. आमच्या घरी आजोबांसकट सगळे औक्षणाला बसल्यासारखे ओळीने बसून गोळ्या चघळत होतो, हे मला अजून आठवतं.

अडचण आली ती मालकांच्या घरी. मालक म्हणजे बिल्डिंगचे, त्या गाळ्याचे आणि स्वतःच्या मते निम्म्या डोंबिवलीचे. गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष. सत्काराच्या शालींनी कपाट भरलेलं. त्यांचा नातू मात्र दिवसेंदिवस वाळत चालला होता, शाळेत चक्कर येऊन पडत होता. एक दिवस मालकीणबाई दुकानात आल्या.

"भाऊ, नातवापुरती गोळी द्या. ह्यांना कळता कामा नये."

"मागे कल्याणहून गुपचूप आणलीत ना, वहिनी? गेले का जंत?"

"गेलेले हो. पुन्हा झाले."

"होणारच. सगळ्यांनी घ्यायला हवी. मालकांनीसुद्धा."

"अगं बाई! त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगतो."

गाळ्याचा करार त्याच महिन्यात संपत होता. मी काउंटरपाशीच उभा होतो; म्हटलं, "अहो, आधी सही होऊ द्या, मग सांगा." ते म्हणाले, "सही थांबेल हो. पोराचं पोट थांबतंय का?" आणि समोरच्या डॉक्टरांना विचारून, गोळ्या घेऊन जिना चढू लागले. मीही मागोमाग गेलो.

वर मालक मंडळाच्या लोकांना घेऊन बसले होते. दुसरा कोणी असता तर त्यांना बाजूला घेऊन बोलला असता. यांना कुजबुजणं ठाऊकच नव्हतं. "जंतांचं औषध आहे," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. "नातू बरा व्हायचा असेल तर तुम्हालाही घ्यावं लागेल." मंडळाचे लोक एकदम पंख्याकडे पाहू लागले.

मालक लालबुंद झाले. "आमच्या घरात असले प्रकार नसतात! गाळा खाली करायचाय का तुम्हाला?"

"करतो की. आधी गोळी घ्या."

तेवढ्यात नातू दारात येऊन उभा राहिला. चड्डी एका हाताने सावरत होता. मालकांनी त्याच्याकडे पाहिलं, मुकाट्याने हात पुढे केला आणि गोळी चावली. मग सबंध घराने घेतली.

करार झाला नाही. औषधवाल्यांनी टिटवाळ्याला, नव्या बिल्डिंगी उठत होत्या तिकडे, दुकान थाटलं. इकडे नातवाने अंग धरलं. रिकाम्या गाळ्यासाठी साडीवाले आले, पोळीभाजीवाले आले. जिन्याखालची जागासुद्धा भाड्याने देणाऱ्या मालकांनी सगळ्यांना परत पाठवलं. एकदा संध्याकाळी बंद शटरपाशी त्यांनी मला थांबवलं.

"टिटवाळ्याला चालतं का हो त्यांचं?"

"चालतं. गर्दी नसते फारशी."

"कशी असेल? ओरडत असतील तिथेही सगळ्यांवर."

त्यांनी शटरचं कुलूप उगाच ओढून पाहिलं. त्यांना पुढे काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं, बहुधा त्यांनाही. पण आयुष्यभर भाषणं केलेल्या त्या माणसाला 'परत या' एवढे दोन शब्द जमले नाहीत. ते कठड्याला धरून सावकाश वर गेले.