नावाचा एकच रकाना

ओगासावारा हे बेट कागदोपत्री टोकियोतच मोडतं, पण एदोगावातल्या आमच्या घरून तिथे जायचं तर एक अख्खा दिवस आणि रात्र जहाजात काढावी लागते. मी ती ओकाऱ्या काढत काढली. नवऱ्याच्या बदलीमुळे जपानात आलेली मी, टोकियोतल्याच कोतो भागातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच कायम झाले होते. बेटावर पर्यटकांना फिरवणाऱ्या गाइड लोकांच्या संघटनेने आमच्याकडून बुकिंगची सिस्टिम करून घेतली होती. ती बसवायला मला एकटीला धाडलं होतं.

गाइड म्हणून नाव नोंदवायला पहिल्या आल्या त्या सत्तरीच्या, घाऱ्या डोळ्यांच्या एक आजी. बोलणं अर्धं जपानी, अर्धं इंग्रजी. त्यांचे पूर्वज जपान्यांच्याही आधी हवाईहून जहाजाने येऊन इथे राहिले होते. कोणी गोरे खलाशी, कोणी पॅसिफिकमधल्या बेटांवरचे लोक. आजी पर्यटकांना जुनी वस्ती, दफनभूमी दाखवत आणि ही सगळी हकिगत सांगत.

मी नाव विचारलं तर त्यांनी दोन सांगितली. जन्माचं इंग्रजी. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला, त्या लहान असताना, घरच्या सगळ्यांना जपानी नावं घ्यावी लागली. मग अमेरिकी नौदलाचा अंमल आला आणि पुन्हा इंग्रजी. बेट जपानला परत मिळालं तेव्हा त्या तिशी ओलांडलेल्या होत्या. पुन्हा जपानी नाव, आणि त्या वयात कांजी लिपी गिरवणं.

"लोक मला दोन्ही नावांनी शोधत येतात," त्या म्हणाल्या. "दोन्ही लिही."

स्क्रीनवर नावाचा रकाना एकच होता, तोही आठ अक्षरांचा. तो मीच बनवला होता. परदेशी म्हणून मिळालेल्या माझ्या स्वतःच्या नोंदणी कार्डावर माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव सलग कोंबलेलं होतं. बँकेत मला हमखास नवऱ्याच्या नावाने हाक मारत. तरी मला हे सुचलं नव्हतं, याचा स्वतःवरच संताप येत होता.

टोकियोला फोन लावला. साहेब म्हणाले, आराखडा मंजूर झालाय, आता दोन नावांच्या चार-पाच म्हाताऱ्या माणसांसाठी बदलता येणार नाही. दोन तासांचं काम आहे, मी सांगितलं. प्रश्न तासांचा नाही, ते म्हणाले. मग कशाचा, हे विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

शेवटी मी इंग्रजी नाव शेऱ्यात टाकलं. ते पर्यटकांना दिसेल का, आजींनी विचारलं. नाही म्हणावं लागलं.

"मग माझं नाव काढून टाक," त्या शांतपणे म्हणाल्या. "अर्धं नाव लावून मला यादीत बसायचं नाही."

परतीच्या जहाजाला तीन दिवस होते. मी रोज फोन करत राहिले. तिसऱ्या दिवशी साहेब मीटिंगमध्येच आहेत असं कळत राहिलं. परतल्यावर लेखी विनंती दिली. पुढच्या व्हर्जनमध्ये विचार करू, असं उत्तर आलं. ते व्हर्जन निघायच्या आत मला नागोयाच्या कामावर टाकलं.

नंतर कधीकधी मी गाइडांची ती बुकिंगची वेबसाइट उघडून बघायची. देवमासे दाखवणारे होते, डायव्हिंग शिकवणारे होते. जुनी वस्ती दाखवणारं कोणीच नव्हतं.