कुंकवाची बाजू वर

माझा मामा वायरमन होता आणि त्याच्या तोंडी एक शब्द कायम असायचा: टेंपरवारी. पंखा घरघरला, बटणातून ठिणगी उडाली, की मामा पक्कड घेऊन स्टुलावर चढायचा, काहीतरी पिळायचा, काहीतरी ठोकायचा आणि खाली उतरून म्हणायचा, "सध्या टेंपरवारी करून देतो. चालून राहिलं ना? मंग झालं." त्याच्या टेंपरवारीवर गल्लीतली घरंच्या घरं वर्षानुवर्षं चालली होती.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या भाड्याच्या घराचीही तीच कथा. भिंतींवर लाकडी पट्ट्या आणि त्यांत सुती वेष्टणाच्या वायरी. लाल कोणती नि काळी कोणती हे ओळखायची सोय उरली नव्हती, धूर आणि धुळीने सगळ्याच काळ्या झाल्या होत्या. फ्यूजमध्ये मामाने बारीक तारेऐवजी चांगली जाड तार घातली होती, कारण बारीक तार सारखी उडायची आणि बहिणीला अंधारात बसावं लागायचं. मामाच्या प्रत्येक आडवाटेमागे असं काहीतरी प्रेमाचं कारण असायचं. तेच मला सहन होत नसे. निष्काळजी माणसावर मनसोक्त रागावता तरी येतं.

वडील उमरेडकडे कोळशाच्या खाणीवर कारकून होते, शनिवारच्या शनिवारी यायचे. घरात पुरुषमाणूस म्हणून मामाच. सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात माझी थोरली बहीण, ताई, बाळंतपणासाठी माहेरी आली. तिचं आधीचं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्यामुळे आई तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हती आणि सकाळ-संध्याकाळ एकच विचारायची, "फिरून राहिलं ना वं पोटातलं?"

नागपूरचा वैशाख, आणि घरावर पत्रे. ताईला दुपारी श्वास लागायचा. मामाने कुठूनशी जुनी मोटर मिळवली, ओळखीच्या पत्रेवाल्याकडून खोका ठोकून घेतला, वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि कूलर आणून खिडकीशी ठेवला. ताई त्याच्यासमोर जाऊन बसली आणि डोळे मिटून हसली. किती दिवसांनी हसली होती ती!

दुसऱ्या दिवशी आई त्यात बादलीने पाणी ओतायला गेली आणि किंचाळली. "करंट मारून राहिला गा हा!"

मामा आला. त्याने आधी पालथा हात पत्र्याला लावून पाहिला. वायरमन लोक संशयाच्या वस्तूला तळहात कधीच लावत नाहीत. तळहाताला करंट लागला तर मूठ मिटते आणि सुटत नाही, पालथ्या हाताला लागला तर हात मागे फेकला जातो. मामाचा हात मागे फेकला गेला. मग त्याने दोन पायांचा तो प्लग काढला, उलटा करून पुन्हा खोचला आणि परत पालथा हात लावला. काही नाही.

"मोटर जुनी हाये, बाई. आतून पत्र्यावर उतरून राहिली. प्लग फिरवला का त्या बाजूले थंडी तार येते, बिनकरंटची. मंग लागत नाही."

"अन् त्या खड्ड्याचं? अंगणात खणून अर्थिंग का काय करतो म्हणत होता तू?"

"करू ना पावसाळ्यात. आता जमीन दगड झाली. सध्या टेंपरवारी." असं म्हणून त्याने आईच्या करंड्यातलं कुंकू घेतलं, तेलात कालवलं आणि प्लगवर बोटाने ठसठशीत टिकली लावली. "ध्यानात ठेवा. कुंकवाची बाजू वर."

झालं, घराचा कायदा ठरला. कूलरच्या खोलीत कोणीही शिरलं तरी पहिली नजर टिकलीवर. आई पाणी ओतण्याआधी प्लग काढायची, ओतून झालं की पदराने हात पुसून कुंकू वर धरून पुन्हा खोचायची. देवापेक्षा प्लगचं दर्शन जास्त होत होतं. मी कॉलेजात विज्ञान शिकत होते. एकदा मामाला म्हटलं, "हे बरोबर नाही." तो म्हणाला, "तुले लागला काय करंट? नाही ना?"

मग एका संध्याकाळी वादळ आलं. दारासमोरच्या कडुनिंबाची फांदी पडली आणि खांबावरून आमच्या घरात येणाऱ्या तारा तुटल्या. अर्ध्या शहरात अंधार होता, लाइनमन कधी येईल याचा भरवसा नव्हता. ताई आत घामाने निथळत बसली होती. मामाला ते बघवेना. सकाळी गल्लीत वीज परतताच त्याने बांबूची शिडी आणली, खांबावरचा फ्यूज काढला, तुटलेल्या तारा एकमेकींना पिळून जोडल्या आणि फ्यूज परत लावला. घरातले पंखे फिरायला लागले. शेजारणींनी वर बघून कौतुक केलं. मामा शिडीवरूनच ओरडला, "चालून राहिलं ना?"

चालत होतं. दिव्याला नि पंख्याला गरम, म्हणजे करंटची तार कोणती, थंडी कोणती, याचं काही देणंघेणं नसतं. दोन्ही तारा काळ्या होत्या आणि मामाने त्या अदलाबदल करून जोडल्या होत्या. त्याला प्लगवरची टिकली आठवली नाही. आम्हालाही नाही. आईने कूलर भरला, हात पुसले आणि कुंकवाची बाजू वर ठेवून प्लग खोचला.

दुपारी मी त्याच खोलीत तांदूळ निवडत होते. ताई कूलरजवळच्या ओल्या फरशीवर टेकून बसली होती. उठताना आधाराला तिने पत्र्याची कड धरली. ती ओरडली नाही. मी वर पाहिलं तेव्हा तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. मी आईला हाक मारली. आईने पाट उचलून आणला आणि स्वतःच्या लेकीच्या मनगटावर हाणला. मी प्लग ओढला. ताई शेजारच्या गादीवर कोसळली, आणि पहिला हात तिने पोटावर नेला.

"आई, फिरत नाही वं."

मामा धावत आला तेव्हा आई ताईच्या पोटावर तळवा ठेवून बसली होती. मी तो प्लग त्याच्यासमोर धरला. "कुंकवाची बाजू वरच होती, मामा."

त्याने प्लगकडे पाहिलं, मग दारातून बाहेर सकाळी जोडलेल्या तारांकडे पाहिलं. त्याला समजलं ते मला दिसलं. पण हाताची सवय अशी, की त्या स्थितीतही त्याने प्लग घेतला, उलटा केला आणि भिंतीकडे वळला.

"आता खालच्या बाजूले कुंकू लावतं काय?" आई म्हणाली.

प्लग त्याच्या हातातून पडला.

डॉक्टरीणबाईंनी नळी लावून ऐकलं. ठोके लागत होते. संध्याकाळी उशिरा बाळ एकदा हललंही. पण आत काही इजा झाली असेल का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "ते बाळ झाल्यावरच कळेल." पुढचे सगळे दिवस आम्ही त्या वाक्याच्या दडपणाखाली काढले. ताई उन्हात तळमळायची, पण कूलर नको म्हणायची. मामाने अंगणात लोखंडी सब्बल घेऊन खड्डा खणला, त्या दगड झालेल्या जमिनीत, भर दुपारी. त्यात कोळसा नि मीठ घातलं, तांब्याचा पत्रा पुरला, तिथून जाड तार कूलरपर्यंत आणली. आता पावसाळ्याची वाट बघायची त्याला गरज वाटली नाही. आई त्याला पाणी नेऊन द्यायची. मी नाही दिलं.

ताईच्या तळहातावर आजही त्या पत्र्याच्या कडेचा डाग आहे. मामा जाऊन कैक वर्षं झाली, तरी तो डाग दिसला की माझा राग उसळतो.

मुलगी झाली. रडली, अगदी टाहो फोडून रडली. डॉक्टरीणबाईंनी तिचे हातपाय हलवून पाहिले आणि मान डोलावली. मामा दवाखान्याच्या दारातच उभा होता, आत येत नव्हता. आई दुपट्यातलं बाळ घेऊन त्याच्यापाशी गेली. "पाह्य ना गा."

मामाने दोन्ही हात पायजम्याला पुसले, पुन्हा पुसले. एक हात पुढे केला, गालाजवळ नेला आणि तिथे तो वळवला. पालथा हात हळूच तिच्या गालाला लावून त्याने लगेच मागे घेतला.

"सिद्धा हात लाव गा," आई म्हणाली. "तुह्या भाचीची पोरगी हाये."

मामाने नकारार्थी मान हलवली. तो पालथा हात पुन्हा तिच्या गालाला टेकवून तो रडत राहिला. सरळ हात लावणं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही.