मावशींच्या कुरडया

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी तर नाहीच — आणि बोलायला हवं होतं ते तिच्यापाशीच.

अंबडच्या एका कारखान्यात मी साधा ऑपरेटर होतो, तेव्हा आम्ही सिडकोत मावशींच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. मावशी म्हणजे घरमालकीण. पण माझ्या बायकोला, सुजाताला, आई नाही, तिला त्यांनी लेकीसारखी माया लावली. उन्हाळ्यात दोघी गच्चीवर कुरडया घालायच्या. मावशींचा खांदा दुखायचा, म्हणून त्या चीक शिजवायच्या आणि सोऱ्या सुजाता दाबायची. काय खिदळायच्या हो! जिना चढताना ते ऐकू आलं की — खोटं कशाला बोलू — बरं वाटायचं.

मग सुपरवायझर झालो. पगार वाढला, अन् मी हवेत. साहेब लोक घरी आले तर बसवायचं कुठे? पाथर्डी फाट्याला सातव्या मजल्यावर फ्लॅट बघितला. सुजाता हटून बसली, इथून हलणार नाही म्हणाली. तेव्हा मी — कसं सांगू — मी तिला सांगितलं, मावशींनीच खोल्या खाली करायला सांगितल्यात, तुझ्या तोंडावर बोलवत नाही त्यांना, तूही विषय काढू नकोस. आणि मावशींना सांगितलं, सुजाताला आता मोठं घर हवंय.

दोघींनीही माझ्यावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

नव्या घरात सोफा आला, एसी आला. सुजाता मात्र गप्प होत गेली. गच्चीला सोसायटीचं कुलूप, सोऱ्या माळ्यावर. दिवसभर एकटीच टीव्हीसमोर बसायची. मला दिसत नव्हतं? सगळं दिसत होतं.

पहिल्याच उन्हाळ्यात मावशी कुरडयांचा डबा घेऊन गेटवर आल्या. वॉचमनचा फोन आला. "घरात नाही म्हणून सांगा," सुजाता म्हणाली. मी तसंच सांगितलं. खिडकीतून पाहिलं, तर मावशी डबा वॉचमनकडे ठेवून दुखरा खांदा चोळत चालल्या होत्या. सुजाताने त्या कुरडया तळल्या नाहीत, टाकल्याही नाहीत.

दिवाळीत मावशी गेल्या.

"अहो, त्यांनी मला घराबाहेर काढलं," सुजाता म्हणाली, "तरी मला एवढं रडू का येतंय?"

हे विचारायला तिला मीच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "वय झालं होतं गं त्यांचं. चालायचंच."

तिने डोळे पुसले, डबा उघडला, कुरडया तळल्या. सगळ्या माझ्याच ताटात वाढल्या.

मी त्या खाल्ल्या.