सतरा नंबरच्या खिडकीतला शर्ट

मी उर्मिला. आखातातल्या अल मनखूलमध्ये बावीस वर्षं काढलीत, आणि मी तोंडाने फटकळ आहे हे आमच्या बिल्डिंगमधलं शेंबडं पोरही सांगेल. पण एक गोष्ट दीड वर्ष माझ्या तोंडातून बाहेर पडली नव्हती. ती सांगायची तर आधी शेजारच्या अनुपमाची नोकरी सांगायला हवी, कारण असली नोकरी मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती.

समुद्रात भराव घालून केलेल्या एका बेटावर कुठल्याशा कंपनीने स्पेनच्या किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव उभं केलंय. पांढरी घरं, निळी दारं, उलट्या घातलेल्या होड्या, वाळत टाकलेली जाळी. तिथे राहायचे एका रात्रीचे तीन हजार दिरहम, म्हणजे सत्तर हजार रुपये! एवढ्यात माणूस खरं स्पेन बघून येईल. अनुपमाचं काम काय, तर तिथे माणसं राहतात असं वाटायला लावायचं. रोज खिडक्यांखालच्या दोऱ्यांवर कपडे वाळत घालायचे, दाराबाहेर चपला ठेवायच्या, ओट्यावर अर्धा प्यायलेला कप. ऑफिसात त्याला ‘लिव्ह्ड-इन लुक’ म्हणतात. मी म्हटलं, “बाई गं, ही तर भुतांची धुणी!” ती हसली नाही.

हसणार तरी कशी? तिचा नवरा उपेंद्र हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत नोकरीला होता. दीड वर्षापूर्वी ऑफिसच्या खुर्चीतच गेला. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दोघं स्पेनला जाणार होती, व्हिसाची अपॉइंटमेंटसुद्धा घेतली होती. पुण्याला सगळं आटपून परत आल्यावर तिने त्याच्या कपड्यांची पिशवी माझ्याकडे दिली. “उर्मिलाताई, मला नाही जमणार. मुसफ्फाच्या कामगारांच्या कॅम्पात कुणा गरजूला द्या. पण हातातून हातात द्या हं. अंगात घालणाऱ्याच्या हातात.”

मुसफ्फा म्हणजे पार अबू धाबीला. पिशवी दोन आठवडे माझ्या डिकीत फिरली. मग एका सकाळी मी ती बिल्डिंगखालच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत ढकलली, आणि अनुपमाला सांगितलं, एका ड्रायव्हरने घेतले, तोंडभरून दुवा दिला. चक्क खोटं बोलले. आजही लाज वाटते.

या उन्हाळ्यात अनुपमा एकदम खुलली. जिना चढताना गुणगुणायला लागली. मला बरं वाटायचं ते सोडून भीतीच वाटायला लागली. तिचा मुलगा अंश टोरांटोला असतो. त्याने तिकीट काढून ठेवलेलं, रोज फोनवर कावायचा, “मम्मा, जस्ट कम! व्हॉट इज लेफ्ट देअर?” आणि ही म्हणे कंपनीचं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट घेतेय, गुरुवारी सही. का, म्हणून विचारलं तर शांतपणे म्हणाली, “तो इथे आहे, ताई. त्याला सोडून कशी जाऊ?” बुधवारी मी हट्टाने तिच्याबरोबर बेटावर गेले.

बोट चालवणारा केरळचा, खऱ्या कोळ्याचा मुलगा. मला म्हणाला, “मॅडम, उधर का जाल देखना. उसमें मच्छी नहीं, सिर्फ टूरिस्ट फँसेगा.” मी खो खो हसले. त्या दिवशीचं तेवढंच हसणं.

ऑगस्टची दुपार, एवढ्या उकाड्यात पाहुणे येतच नाहीत. कामगार बेटाच्या दुसऱ्या टोकाला जेवायला गेलेले. गावात चिटपाखरू नव्हतं, आणि तरी बायकांच्या गप्पा ऐकू येत होत्या. कुठेतरी भांडं पडलं, मग कुणीतरी खोकलं.

“स्पीकर आहेत,” अनुपमा म्हणाली. “खोकते ती बारा नंबरची म्हातारी.”

मासळीचा वाससुद्धा यंत्रातून सोडलेला. मी एक निळं दार ढकलून पाहिलं. मागे खोली नव्हतीच, ते घर नुसतं देखाव्याचं. लोखंडी पाइप, एसीचे डक्ट आणि अंधार. मी दार घाईघाईने ओढून घेतलं.

सतरा नंबरच्या खिडकीखाली दोरीवर एकच शर्ट होता. निळ्या चौकड्यांचा, खिशावर शाईचा डाग. वरून तिसरं बटण हिरव्या दोऱ्याने शिवलेलं. पिशवी पेटीत ढकलताना वरच असलेलं ते बटण मी याच डोळ्यांनी पाहिलं होतं.

“कपडे कंपनी शारजाहून आणते, जुने, गठ्ठ्याने,” ती म्हणाली. “मेमध्ये गठ्ठा फोडला तर सगळ्यात वर हा. स्पेनला यायचं होतं ना त्याला? आला.”

शर्टाची डावी बाही दुमडलेली होती. फक्त डावी, आणि आतल्या बाजूला. सगळं जग बाही बाहेर दुमडतं, उपेंद्र आत दुमडायचा. घड्याळ दिसायला हवं म्हणायचा.

“रोज संध्याकाळी मी ती सरळ करते,” अनुपमा म्हणाली. “सकाळी दुमडलेली असते.”

“तूच करत असशील आणि विसरत असशील!” मी खेकसले. बाही चांगली ओढून सरळ केली आणि तिला हाताला धरून चौकात पाणी प्यायला नेलं. तिचा हात मी एक क्षण सोडला नाही. पाचेक मिनिटांत परत आलो. वारा अजिबात नव्हता. बाही दुमडलेली होती, आत, दोन घड्या. बारा नंबरची म्हातारी पुन्हा खोकली. मी देवाचं नाव घ्यायला गेले, तर एकाही देवाचं नाव आठवेना.

आणि मग माझं खोटं माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. तिच्या लेखी हा शर्ट मुसफ्फाच्या ड्रायव्हरच्या अंगावर होता, म्हणजे तो इथे आपणहून आला. माझ्या खोट्याच्या भरवशावर ही उद्या सही करणार, आणि लेकराला सोडून नसलेल्या माणसांची धुणी वाळत घालत बसणार.

“अनुपमा, मी ते कुणालाच दिले नव्हते गं. खालच्या पेटीत टाकले. पेटीतून शारजाला गेले, तिथून इथे. एवढंच आहे. मला माफ कर.” मला रडूच फुटलं.

ती शर्टाकडेच बघत होती. “वॉचमनने त्याच दिवशी सांगितलं होतं मला.”

“मग दीड वर्ष बोलली का नाहीस?”

“तुम्ही रोज डबा आणत होतात, ताई. काय बोलणार?” मग ती माझ्याकडे वळली. “त्या पेटीतून हजारो शर्ट जातात. हाच का आला माझ्याकडे? ते सांगा.”

यावर शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण माझं तोंड!

“दिला नाही म्हणून,” मी म्हटलं. “तू हातातून हातात म्हणाली होतीस, मी अर्ध्यावर सोडलं. तो इथे राहायला आलेला नाही, अनुपमा. अडकलाय.”

मग तिने दोरीवरचे चिमटे काढले, बाही सरळ केली, शर्टाची घडी घातली आणि माझ्या हातात ठेवला. “मग तुम्हीच द्या.”

धक्क्यावर बोटवाल्याने घामाने चिंब झालेला कंपनीचा टी-शर्ट काढून कठड्यावर टाकला होता. मी म्हटलं, “भाई, ये पहनोगे? इनके साहब का है. वो अब नहीं रहे.” या खेपेला खरं तेच सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि तिथेच अंगात घातला. एकेक बटण लावलं. तिसरंही. मापाचा असल्यासारखा बसला.

इंजिन सुरू करण्याआधी तो थांबला. डावी बाही धरली आणि आत दुमडली. दोन घड्या.

अनुपमाने माझं मनगट असं धरलं की बांगड्या रुतल्या. गाव मागे पडलं, स्पीकरमधल्या बायकाही ऐकू येईनाशा झाल्या. मग तिने सवयीने विचारावं तसं, मराठीतच विचारलं, “किती वाजले?”

त्याने मनगटाकडे पाहिलं. “चार, मॅडम.”

“म्हणजे टोरांटोला सकाळचे आठ,” ती म्हणाली आणि पर्समधून फोन काढला. “अंश, उठलास का रे? ते तिकीट कधीचं आहे?”