सीलबंद पाणी

काल सुलभाताईंनी माझ्यापुढे पाण्याची सीलबंद बाटली ठेवली आणि मी तिच्याकडे बघतच राहिलो. या घरात पाहुण्यापुढे विहिरीच्या पाण्याचा तांब्या यायचा. गावाखालचा खडक पाण्याच्या दाबाने फोडून गॅस काढायचं ठरलं, तेव्हा कंपनीचा इंजिनियर म्हणून मी इथेच बसून तो तांब्या रिकामा केला होता. "ताई, गॅस पार खाली आहे, तुमच्या विहिरीला काही होणार नाही," असं म्हणालो होतो. मला साहेबांनी तसंच सांगितलं होतं आणि मी पुढे विचारलं नव्हतं.

घरात पाइपने गॅस आला. चुलीचा धूर गेला, ताईंचे डोळे चुरचुरायचे थांबले. निळी ज्योत किती निर्मळ दिसते! पण खडकातली चीर कुठवर जाते, ते वरून कुणाला दिसतं? वर्षभर विहिरीच्या पाण्याला वास येतोय. कशामुळे, ते कंपनी सांगत नाही. मी निवृत्त झालोय, म्हणून मलाही कुणी विचारत नाही.

"विहिरीचं पाणी आता पीत नाही ना?" मीच विचारलं.

"आम्ही तेच पितो ना भाऊ," ताई सहज म्हणाल्या. "बाटली पाहुण्यासाठी."